सोलर आणि जनरेटर, दोन्ही एकाच बॅटरीवर
आमच्या ऑफग्रिड (विजेच्या सार्वजनिक लाइनवर नसलेल्या) ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा लागला की इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूचे फोन वाढतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "थोडंफार ऊन आहे, तरी जनरेटर लावू का? दोन्हीकडून एकदम चार्जिंग गेलं तर बॅटरी जळणार नाही ना?"

खुशाल लावा. सोलरचा चार्ज कंट्रोलर आणि जनरेटरवर चालणारा चार्जर (बहुतेकांकडे तो इन्व्हर्टरच्या पोटातच असतो) एकाच वेळी एकाच बॅटरीला जोडलेले चालतात. दोघांचा करंट बॅटरीत एकत्र होतो, एवढेच. सोलरकडून 10 अँपिअर आणि जनरेटरकडून 20 येत असतील तर बॅटरीला 30 मिळतात. ही बेरीज बॅटरीला झेपते का, हे मात्र पाहावे लागते.

ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरीला तिच्या एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावते त्याचा आकडा) दहाव्या हिश्श्याइतका करंट मानवतो. 150 एएचच्या चार बॅटऱ्यांची 48 व्होल्टची एक रांग असेल तर 15 अँपिअर, अशा दोन रांगा असतील तर 30. "चार बॅटऱ्या म्हणजे 600 एएच" असा हिशेब अनेक जण करतात. तो चुकतो. एका रांगेत जोडल्या की व्होल्ट वाढतात, एएच 150 च राहतात. मर्यादेच्या थोडे वर कधीमधी गेले तर बिघडत नाही, पण रोज गेले तर बॅटरी तापते आणि पाणी भराभर आटते. लिथियम बॅटरी याहून बरीच जास्त गती घेते. तिची मर्यादा तिच्या कागदपत्रांत दिलेली असते, तीच पाळा.

खरी गडबड होते ती सेटिंगमध्ये. दोन्ही चार्जर बॅटरीचे व्होल्ट पाहूनच ठरवतात की ती भरली की नाही. जनरेटरने जोरात करंट दिला की व्होल्ट वर चढतात. सोलर कंट्रोलरचे सेटिंग खाली असेल तर त्याला वाटते, झाले काम, आणि तो हात आखडता घेतो. मग बाहेर ऊन, पॅनेल रिकामे, आणि डिझेल जळतेय. सुरुवातीच्या काही जोडण्यांत आम्हीही दोन्ही सेटिंग कारखान्यातून आली तशीच ठेवली होती. आता तसे करत नाही. 48 व्होल्टच्या लेड-ॲसिडला दोन्हीकडे ॲब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरतानाचे व्होल्ट) 57.6 आणि फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचे व्होल्ट) 54 च्या आसपास, आणि दोन्हीकडे आकडा एकच.

हे आकडे 25 अंश तापमानाचे आहेत. तापमान एका अंशाने बदलले की 48 व्होल्टच्या बँकेला (बॅटऱ्यांच्या संचाला) साधारण 0.1 व्होल्टचा फरक पडतो: उन्हाळ्यात कमी लागतात, थंडीत जास्त. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांवर येतो. तिथल्या मळ्यातल्या बॅटरीला तेच सेटिंग ठेवले तर ती अर्धपोटी राहते. म्हणून आम्ही तापमानाचा सेन्सर लावतो. त्याची बारीक वायर काढून टाकू नका.

आता वेळेचे. बॅटरी म्हणजे पंगतीतला भुकेला पाहुणा: सुरुवातीला वाढाल तेवढे घेते, शेवटचे मात्र घासाघासाने. साधारण 80 टक्के भरल्यावर करंट घटत जातो आणि उरलेल्याला तासन् तास लागतात. त्या वेळी जनरेटर चालू ठेवणे म्हणजे चमचाभर वाढण्यासाठी आचारी उभा करणे. लहान डिझेल जनरेटर पुऱ्या लोडवर लिटरमागे अडीच-तीन युनिटे देतो. कमी लोडवर तेही नाही, शिवाय इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये काळे तेलकट साचते. म्हणून जनरेटर सकाळी उठल्या उठल्या लावा, करंट उतरायला लागला की बंद करा, आणि शेवटचे काम दिवसभराच्या उन्हावर सोडा. ढगाळ उजेडातून जे काही थोडे येते, तेही याच कामाला पुरते. संध्याकाळी जनरेटर लावून रात्रीपूर्वी बॅटरी भरून टाकायची सवय मात्र महागात पडते, कारण सकाळी ऊन आल्यावर त्याला जागाच उरत नाही.

अपवाद एकच. आठवडाभर झड लागली आणि बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही, तर लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट बसते. अशा वेळी दहा-बारा दिवसांतून एकदा जनरेटरनेच ती शेवटपर्यंत भरा, डिझेल गेले तरी चालेल. लिथियमला ही गरज नाही.

जनरेटर केवढा लागेल? वरच्या दोन रांगांचे 30 अँपिअर गुणिले चार्जिंगच्या वेळचे साधारण 56 व्होल्ट म्हणजे सुमारे 1700 वॅट. चार्जरमधली गळती धरून जनरेटरवर 2000 च्या आसपास लोड येतो. 3 केव्हीएचा जनरेटर 0.8 पॉवर फॅक्टरला (म्हणजे केव्हीएच्या 80 टक्के धरून) 2400 वॅट देतो, म्हणजे घरासाठी 400 च उरतात. त्यातच कोणी मोटर चालू केली की जनरेटर गुदमरतो. इन्व्हर्टरमध्ये एसी चार्जिंगचा करंट कमी करता येतो, तो आधी कमी करा. जनरेटर चालू असूनही इन्व्हर्टर त्याची वीज घेत नसेल, तर बहुतेक वेळा इनपुटचे सेटिंग यूपीएसवर (व्होल्ट थोडे हलले तरी वीज नाकारणारे) असते. ते रुंद रेंजवर न्या.

ज्यांच्याकडे ऑनग्रिड (विजेच्या लाइनला जोडून चालणारा) सोलर इन्व्हर्टर आहे त्यांनी तो स्वतःहून जनरेटरच्या लाइनवर जोडू नये. घरातला लोड कमी झाला की सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते. यासाठी वेगळी यंत्रणा लागते, आधी आम्हाला बोलवा.

पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत किंवा पॅकिंगच्या शेडमध्ये ओढून आणू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरापासून लांब, पत्र्याच्या उघड्या छपराखाली ठेवा. बॅटरीच्या खोलीत खिडकी उघडी हवी, आणि तिथे देव्हारा असेल तर तो हलवा: चार्जिंगच्या शेवटी लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, समईजवळ तो नको.

काही अडले तर फोन करण्यापूर्वी तीन गोष्टी टिपून ठेवा: बॅटरीचे व्होल्ट, सोलरचा करंट आणि जनरेटरकडून येणारा करंट. स्क्रीनचा फोटो पाठवला तरी चालेल, मात्र जनरेटर चालू असतानाचा.