पार्श्वभूमी : सहा महिन्यांचा उपचार आणि उसाचा हंगाम

बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, आणि दिवस बुडाला की खाड्याचे पैसे कापले जातात. टीबीचा उपचारही सहा महिन्यांचा, आणि गोळीचा खाडा तर त्याहून महाग. पाडव्याला निदान झालं तर उपचार दसऱ्याला उरकतो; आषाढात झालं तर निम्म्या गोळ्या उसाच्या फडात घ्याव्या लागतात. म्हणून या आजारावरचं कुठलंही नवं संशोधन वाचताना मी आधी महिने मोजतो.

रॉबर्ट कॉकने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, पण औषध यायला साठेक वर्षं गेली. स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर १९४८ मध्ये छापून आले. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. एकच औषध दिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही त्याच चाचणीत दिसलं. तोवर उपाय म्हणजे सॅनेटोरियम, क्षयरुग्णांना महिनोन्‌महिने ठेवून घेणारं रुग्णालय. ती मिरजेला, पाचगणीला. कोरडवाहू शेतकऱ्याने वर्षभर तिथे जाऊन राहायचं, तर मागे घर कोणी चालवायचं?

हे कोडं सुटलं मद्रासमध्ये. १९५६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना दाटीवाटीच्या घरीच वर्षभर गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरचा आहार निकृष्ट असूनही रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. जगाची उपचारपद्धत यामुळे बदलली. पण यातून आणखी एक अर्थ काढला गेला, की गोळ्या पुरेत, खाण्यापिण्याचं फारसं महत्त्व नाही. माझ्या मते हा अर्थ गरिबांना फार महागात पडला.

तो खोडायला झारखंडमधली ‘रेशन्स’ चाचणी यावी लागली. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या या अभ्यासात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं होती. दर महिन्याची शिधापिशवी सगळ्याच रुग्णांना मिळाली. घरच्यांना मात्र निम्म्या गटातच. तांदूळ, डाळ असा साधाच शिधा. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. घरच्यांनाही शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही बरेच कमी होते. सरकार २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये देत होतं. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देतं.

निदानाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढायचा. आशाताई डबी हातात देताना दरवेळी बजावतात, ‘नुसती थुंकी नको.’ कारण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते पाच-दहा हजार तरी असावे लागतात. २०१० नंतर आलेली सीबीनॅट आणि गोव्यात बनलेलं ट्रूनॅट ही यंत्रं शंभर-दीडशे जंतूही पकडतात, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही काही तासांत सांगतात. याच रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून गोळ्या टाकून देतो.

गोळ्यांचे खाडे पडत गेले की औषधांना न जुमानणारा टीबी बळावू शकतो. त्याचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षं चाले, त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं, आणि कित्येकांचे कान कायमचे जात. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार गोळ्यांनी तो सहा महिन्यांवर आणला. भारताने या उपचाराला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. साध्या टीबीसाठी चार महिन्यांचा उपचार पुरतो, हे २०२१ मध्येच एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं आहे. तो गावोगाव पोचला, तर ज्येष्ठाच्या सुरुवातीला निदान झालेला माणूस दसऱ्याआधी गोळ्या संपवून टोळीबरोबर निघेल. तोवर २०१२ पासूनच्या निक्षय या टीबी रुग्णांच्या ऑनलाइन नोंदणीचा आधार आहे. रुग्णाचा क्रमांक एका जिल्ह्यातून दुसऱ्यात वर्ग करता येतो, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातून पुढच्या गोळ्या मिळू शकतात. त्यासाठी गाव सोडण्याआधी आशाताईंना कारखान्याचं नाव सांगावं लागतं, आणि ते बहुतेकदा मुकादमालाच ठाऊक असतं.