छाटणी राहिली की जोडण्याच कमी पडल्या?

सोलापुरात मूल तीन वर्षांचं होऊनही बोलेना, की घरातलं पहिलं बोट आईकडे वळतं. ‘हिनंच मोबाइल दिला.’ हा आरोप जुना आहे, फक्त पूर्वी त्यात मोबाइल नव्हता. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणं मांडून स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, वेगळी ओळख दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतले तज्ज्ञही आईच्या कोरडेपणालाच दोष देत राहिले.

१९७७ मध्ये ब्रिटनमध्ये २१ जुळ्या जोड्या तपासल्या गेल्या. एकबीज, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न निघाली, द्विबीज १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. कारण आनुवंशिकतेत शोधायचं हे तिथून ठरलं. नेमकी जागा मात्र २००३ मध्ये दिसू लागली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गटाला काही स्वमग्न भावंडांत न्यूरोलिगिन या प्रथिनाच्या जनुकांत बिघाड सापडला. दोन चेतापेशी जिथे भेटतात ती सांधजागा, म्हणजे सायनॅप्स, धरून ठेवण्यात या प्रथिनाचा हात असतो.

पुढचं नान्नजच्या द्राक्ष बागायतदाराला चटकन कळेल. बालपणी मेंदू गरजेपेक्षा जास्त सायनॅप्स तयार करतो आणि मग छाटत जातो. छाटणी चुकली तर वेल माजतो, घड धरत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंमध्ये चेतापेशींच्या फांद्यांवरचे सूक्ष्म काटे मोजले; सायनॅप्स बहुधा याच काट्यांवर जुळतात. बालपण सरेपर्यंत इतर मुलांत ते जवळपास निम्मे घटले होते, स्वमग्न मुलांत अवघे १६ टक्के.

म्हणजे स्वमग्न मेंदूत जोडण्या जास्त? इतकं सरळ नाही. २००४ मध्ये स्वमग्न प्रौढांना वाक्यं वाचायला देऊन मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी कमी ताळमेळ राखताना दिसले. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला स्वमग्न मुलांत नेमकं उलट, जादा जोडलेपण आढळलं. २०२४ मध्ये येलच्या संशोधकांनी १२ स्वमग्न प्रौढांच्या जिवंत मेंदूत पेट स्कॅनने सायनॅप्सची घनता मोजली. ती इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरली. मला यात विरोधाभासापेक्षा वयाचा फरक मोठा वाटतो. शिवाय काटे मोजणं वेगळं आणि दूरच्या भागांचा ताळमेळ मोजणं वेगळं.

आपल्याकडे पालक एमआरआयची फाइल घेऊन पुण्याला जातात आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून गोंधळतात. त्या एमआरआयमध्ये सायनॅप्स दिसतच नाही. निदान आजही मुलाचं वागणं, खेळणं, बोलणं पाहूनच होतं.