आश्रय-अर्ज आणि परदेशी बंद्यांची न्यायप्रक्रिया (कोल्हापूर)

मायदेशी परतल्यास वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशा रास्त भीतीपोटी परक्या देशाकडे राहू देण्याची मागणी करणे म्हणजे आश्रय-अर्ज. निकाल लागेपर्यंत अर्जदार आश्रयार्थी असतो. मागणी मान्य झाली की तो निर्वासित ठरतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक मसुद्यावर भारताने सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे व्हिसाविना सापडलेला पर्यटक, घुसखोर आणि जीव वाचवून आलेला माणूस हे तिघेही कायद्याच्या लेखी आधी ‘परकीय’ असतात. बाकीचा फरक नंतर, आणि तोही कोणी लक्षात आणून दिला तरच.

कोल्हापूर जिल्ह्यात आश्रय-अर्जावर निर्णय देणारे एकही कार्यालय नाही. अर्जदार मात्र इथे सापडू शकतो, इथल्या पोलीस ठाण्यात बसवला जातो, इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि कळंब्याच्या कारागृहात जातो. आश्रयाचा निर्णय दिल्लीत आणि कोठडीचा निर्णय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, अशी ही विभागणी आहे. दोन्ही ठिकाणची कागदपत्रे आपोआप एकमेकांना भेटत नाहीत. ती भेट घडवणे हेच अशा प्रकरणात वकिलाचे मुख्य काम असते.

वळिवडे आणि गांधीनगर

आश्रयाचा अनुभव कोल्हापूरला नवा नाही. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले. जुलै १९४१ मध्ये पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर त्यांच्यातले काही सुटले आणि इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. नवानगर (आजचे जामनगर) संस्थानातली बालाचडीची छावणी पोलिश मुलांसाठी होती, तर वळिवड्याला अख्खी वसाहतच उभी राहिली. तिथे पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, दुकाने होती. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन राजा होता आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे त्याच्या वतीने राज्य चालवणाऱ्यांकडे होता. जमीन संस्थानातली, परवानगी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची, अशी ती व्यवस्था होती.

या लोकांपैकी कोणालाही एकेकट्याने अर्ज करून ‘माझा छळ झाला’ हे सिद्ध करावे लागले नाही. सरकारांमध्ये समजूत झाली आणि सगळा गट आत आला. पेच आला तो जाण्याच्या वेळी. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली, आणि वळिवड्यातल्या माणसांच्या पाठीशी असलेले सरकारच कागदावरून नाहीसे झाले. देखभाल पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. साम्यवादी पोलंडमध्ये परतायचे की नाही, हा प्रश्न आता घराघराला सोडवायचा होता. बहुतेकांनी परतायला नकार दिला. पोलिश सैन्यात लढलेल्यांच्या कुटुंबांना ब्रिटनचा मार्ग मोकळा झाला, इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे पांगले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचे नाव घेणारे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे भेट दिली. या गोष्टीचा अभिमान कोल्हापूरकर मिरवतात, आणि ते योग्यच आहे. फक्त हे विसरू नये, की ते दार कोणत्याही कायद्याने उघडलेले नव्हते, सोयीच्या राजकारणाने उघडले होते. तसे ते बंदही होऊ शकले असते.

रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि तिथे गांधीनगर वसले. आज ते कापडाची घाऊक पेठ म्हणून पश्चिम महाराष्ट्राला माहीत आहे. पोलिशांच्या उलट, या लोकांच्या हक्काचा पाया थेट संविधानात आहे. अनुच्छेद ६ प्रमाणे स्वतः, आईबाप किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभाजित हिंदुस्थानात जन्मलेले असावे ही मुख्य अट होती. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन इथेच राहिलेला माणूस नागरिक ठरला. त्यानंतर आलेल्याला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंद करावी लागली, आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने इथे वास्तव्य असणे आवश्यक होते. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचे दावे १९५४ च्या विस्थापित व्यक्ती कायद्याखाली चालले. म्हणजे अर्ज, मुदत, अधिकारी, निर्णय हा सगळा क्रम या परिसराने एकदा पाहिला आहे. तो कायद्याने बांधलेला होता, म्हणून त्यातून आलेली माणसे दोन पिढ्यांत व्यापारी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्यांना निर्वासित म्हणणे कोणाला सुचेनासे झाले.

आजचा अर्ज

आज भारतात दोन वाटा आहेत. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचे व्यवहार केंद्र सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार आणि दूरच्या देशांतून आलेल्यांची नोंदणी व मुलाखत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे दिल्ली कार्यालय करते. नोंदणी झाली की अर्जदाराला तसा कागद मिळतो, पुढे सविस्तर मुलाखत होते, लेखी निर्णय येतो आणि नकार आल्यास ३० दिवसांत अपील करता येते. मान्य झालेल्याला निर्वासित ओळखपत्र मिळते. या ओळखपत्रामागे भारतीय कायद्याचे बळ नाही. पोलिसांनी ते मानलेच पाहिजे असे नाही, पण न्यायालयापुढे ते महत्त्वाचा पुरावा ठरू शकते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परकीयांसाठी एक कार्यपद्धती ठरवली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. तिचा सारांश असा: दावा प्रथमदर्शनी खरा वाटला तर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी शिफारस करायची, केवळ पोटापाण्यासाठी आलेल्याला हा लाभ नाही. जिल्ह्यात परकीय नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. म्हणून कोल्हापुरात सापडलेल्या माणसाच्या दाव्यावर पहिला शेरा बहुधा त्याच खात्याचा पडतो, ज्या खात्याने त्याला अटक केली. अंतिम निर्णय मंत्रालयाचा असला तरी फाइलीवरचा पहिला शेरा सहसा शेवटपर्यंत चिकटून राहतो, हे सरकारी कामाशी संबंध आलेल्या कोणालाही सांगायला नको.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. १९२० चा पारपत्र (प्रवेश) कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहक दायित्व कायदा असे चार कायदे त्याने रद्द केले. वैध पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बनावट कागद वापरल्यास दोन ते सात वर्षे कैद, अशी शिक्षा आहे. आश्रयाचा दावा ऐकण्याची तरतूद यातही नाही. सोबतच्या सूट आदेशाने तिबेटी, ठरावीक तारखेपूर्वी आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ आणि ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांना दंडात्मक कारवाईतून वगळले. रोहिंग्या किंवा छळाला कंटाळून आलेला अफगाण हजारा (तिथला शिया अल्पसंख्याक) या यादीत बसत नाही.

अटकेनंतर

परदेशी माणसाला भारतात फिरण्याचा, स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क नाही. अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) मात्र ‘व्यक्ती’ला लागू आहेत, फक्त नागरिकाला नाही. अनुच्छेद २२ नुसार अटकेचे कारण कळवणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतील बंदी हे अपवाद. अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावले. कोल्हापूरच्या ठाण्यात बर्मी किंवा अफगाणिस्तानातल्या दारी भाषेचा दुभाषी ऐनवेळी कुठून आणायचा, हा प्रश्न त्या आदेशापुढे उभाच राहतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, नागरिकत्वाचाही नाही. हा अर्ज कारागृहातून किंवा थेट न्यायाधीशांपुढे तोंडीही करता येतो. व्यवहारात सगळे पहिल्या रिमांडवर अवलंबून असते. त्या पाच-दहा मिनिटांत ‘मी परत गेलो तर मला मारतील’ हे वाक्य कोणी इंग्रजीत वा मराठीत करून न्यायाधीशांच्या कानावर घातले आणि रोजनाम्यात नोंदवून घेतले, तर पुढचा सारा मार्ग बदलतो. नाही घातले, तर ते साधे पासपोर्टचे प्रकरण म्हणून चालते. ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण स्थानिक जामीनदार नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

सर्वांत धोकादायक टप्पा गुन्हा कबूल करण्याचा. आरोपी महिनोन्महिने आत असतो. ‘कबूल कर, काढलेल्या दिवसांवर सुटशील’ हा सल्ला त्याला दयाळूपणानेच दिला जातो. इतर आरोपींसाठी तो व्यवहार्य असेलही. आश्रयार्थ्यासाठी शिक्षा संपणे म्हणजे मायदेशी रवानगीची सुरुवात. तीच गोष्ट दूतावासाची. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी बंद्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे. ज्याला आपल्या सरकारचीच भीती आहे, त्याच्या बाबतीत वकिलातीला परस्पर कळवणे म्हणजे त्याचा ठावठिकाणा देणे होय. म्हणून वकिलाने आधी अशिलाला विचारावे आणि त्याचा नकार लेखी नोंदवावा.

शिक्षा भोगून झाल्यावर राष्ट्रीयत्वाची खात्री होईपर्यंत माणूस अडकून पडतो. अशांना कारागृहात न ठेवता बाहेर, हालचालींवर निर्बंध असलेल्या जागी ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले होते. मे २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने बांगलादेशी किंवा म्यानमारचे असल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी ३० दिवसांत करावी, अशी सूचना राज्यांना दिली. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली-कागलच्या औद्योगिक वसाहती आणि गुजरी या सराफ पेठेतले बंगाली कारागीर यांच्यामुळे हा विषय इथे पुस्तकी राहत नाही. मुर्शिदाबादचा भारतीय मजूर आणि सीमेपलीकडचा मजूर बोलीवरून ओळखता येत नाही. परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कायदा त्या माणसावरच टाकतो. तरी संशयाला आधी काही आधार हवा, नुसत्या शंकेवरून कोणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ च्या आसाममधील एका निकालात स्पष्ट केले. उलट बाजूला, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एक जामीन अर्ज फेटाळताना म्हटले. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांचे जमिनीचे कागद गावाहून लवकर मागवणे हेच अशा वेळी उपयोगी पडते.

उच्च न्यायालय

परत पाठवणीला आव्हान देण्याची जागा म्हणजे अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका, आणि बेकायदा अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पस, म्हणजे बंद्याला न्यायालयापुढे हजर करा अशी याचिका. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परकीयांच्याही जीविताचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवले. गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकींची परत पाठवणी थांबवताना जीवाला धोका असलेल्या जागी कोणाला ढकलू नये हे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये वाचले. मणिपूर उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडे सुरक्षित जाऊ दिले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांची परत पाठवणी थांबवण्यास नकार दिला. हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांच्या वास्तव्याच्या हक्काला जोडलेला आहे, मात्र ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नये, असे तो आदेश सांगतो. दोन्ही धारा जिवंत आहेत. कोणती लागू पडेल, हे प्रकरणाच्या तथ्यांवर आणि न्यायासनावर अवलंबून असते.

कोल्हापूरपुरता मोठा बदल १८ ऑगस्ट २०२५ ला झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) त्या दिवसापासून इथे बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. बेंचसाठी वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षे आंदोलन केले ते अर्थातच आपल्या पक्षकारांसाठी, कोणा परदेशी बंद्यासाठी नव्हे. पण हद्दपारीचा आदेश आणि गाडीत बसवणे यांत कधी एकदोन दिवसांचेच अंतर असते. तेवढ्या वेळात मुंबई गाठून याचिका दाखल करणे आणि कळंब्यात सही घेऊन दुपारी कोल्हापुरातच प्रकरण तातडीने मांडणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेंच आश्रय देऊ शकत नाही. ते परत पाठवणीला तात्पुरती स्थगिती देऊ शकते, मंत्रालयाला दाव्यावर निर्णय घ्यायला सांगू शकते आणि उच्चायुक्तालयाच्या मुलाखतीसाठी बंद्याला हजर करण्याची व्यवस्था लावून देऊ शकते.