कडू बिअर नासत नाही? हॉप्सबद्दलचा जुना गैरसमज

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं. त्यांच्याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आजही ऐकू येतं: "हॉप्स कडुलिंबासारखे, कडू बिअरला जंतू लागत नाहीत." हे अर्धंच खरं. हॉप्स उकळल्यावर बनणारी आयसो-अल्फा आम्लं ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या (जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांपैकी एक) पेशीपटलाच्या आत-बाहेरचा प्रोटॉनांचा फरक मोडतात, त्यानं पेशीचं काम थांबतं. विरजणातले लॅक्टोबॅसिलस म्हणूनच तिथं सहसा टिकत नाहीत. पण त्यांचाच भाऊबंद लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस टिकतो. त्याच्याकडचं हॉर-ए जनुक एक पंप बनवतं, तो हॉप्सचं आम्ल पेशीबाहेर फेकतो. हॉर-सी आणि हिट-ए ही जनुकंही याच कामाशी जोडलेली. पेक्टिनेटससारख्या, दुसऱ्या गटातल्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना तर हॉप्सची पर्वाच नाही.

दुसरा गैरसमज ताजा आणि जास्त महागात पडणारा: पीसीआर (जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे बिअरची बॅच गेली. पीसीआर डीएनए बघतो, जीव बघत नाही. पाश्चरायझेशननं मेलेल्या पेशीही पॉझिटिव्ह दाखवतात.

म्हणून १०० मिली बिअर वायू काढून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मग तो फिल्टर, बिअर मिसळलेल्या एमआरएस माध्यमात (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं पोषक द्रव्य), ऑक्सिजनविना, २५ ते २८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा (हळू वाढणाऱ्यांना आणखी), मग पीसीआर करा; जिवंत पेशीच वाढतात. माध्यमात बिअर हवीच; हॉप्सविना वारंवार वाढवलं तर प्लाझ्मिडवरची (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरची) ही हॉप्सरोधी जनुकं गळू शकतात.

निगेटिव्हवरही डोळे झाकून विसंबू नका. बिअरमधली पॉलिफेनॉलं पीसीआर अडवतात, त्यामुळे प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल (चाचणी चालली की नाही हे दाखवणारा ठरावीक डीएनए) घाला. तोच उमटला नाही तर तो निकाल निगेटिव्ह नव्हे, बाद.