विज्ञानमालिकांच्या भागांवरील दुमत

विज्ञानकाल्पनिक मालिकेचा एकच भाग काही प्रेक्षकांना सर्वोत्तम वाटतो, तर काही जण ‘तो सोडून पुढे जा’ असा सल्ला देतात. या नेहमी घडणाऱ्या प्रकाराला येथे दुमत म्हटले आहे. वृत्तपत्री भाषेत त्याला ‘संमिश्र प्रतिसाद’ म्हणतात, पण तो शब्द फसवा आहे. त्यातून भाग प्रेक्षकांना धड आवडला नाही, धड नावडलाही नाही असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे मत ठाम असते. शिवाय हे भांडण मालिकेवर जीव असणाऱ्यांमधलेच असते. ज्याला अंतराळयाने आणि यंत्रमानव मुळातच नकोत, तो वाद घालत बसत नाही, वाहिनी बदलतो.

गोव्यात म्हापसा, डिचोली, फोंडा, पेडणे, सत्तरी या भागांत घरी कोंकणी बोलणारा आणि मराठी वाचणारा मोठा वर्ग आहे. मराठी वाहिन्यांवर विज्ञानमालिका विरळाच, त्यामुळे हा प्रेक्षक त्या इंग्रजीत किंवा हिंदीत, सबटायटल वाचत पाहतो. निवाडा करण्याची सवय मात्र त्याने जत्रेतल्या नाटकापुढे बसून कमावलेली असते. त्याविषयी पुढे.

दुमताचे मूळ या कथाप्रकारातच आहे. कौटुंबिक मालिकेतले जग प्रेक्षकाच्या ओळखीचे असते. सासू कशी वागेल, वकील काय बोलेल हे त्याला लेखकाने सांगावे लागत नाही. विज्ञानमालिकेत जगाचे नियम लेखकच घालून देतो. यान प्रकाशापेक्षा वेगाने कसे जाते, भूतकाळात गेल्यावर काय बदलता येते, यंत्राला वेदना होतात का, हे सारे तो ठरवतो आणि प्रेक्षक ते पाठ करतो. पुढे एखाद्या भागात लेखकाने सोयीसाठी नियम मोडला, की पाठ करणारा दुखावतो. पात्रांच्या ओढीने पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. मग शेजारी बसून एकच भाग पाहिलेल्या दोघांचे बोलणे जुळत नाही.

नियमांना जपणारा प्रेक्षक मराठीत घडला तो छापील विज्ञानकथेतून. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. ते नाव जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतले होते. एका खगोलशास्त्रज्ञाच्या कथा वाचत वाढलेल्या पिढ्यांना ‘यातले विज्ञान खरे किती?’ हा प्रश्न आधी सुचतो. ही कसोटी प्रामाणिक आहे आणि ती टिकावी असे नोंदकाराला मनापासून वाटते. पण काही भाग विज्ञानाबद्दल काहीच सांगू पाहत नाहीत. त्यांना हीच मोजपट्टी लावली, की ते निष्कारण नापास होतात.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील दोन भाग शेजारी ठेवले, तर दुमत कोठे जन्मते ते नीट दिसते. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती आणि देशात काही ठिकाणी वीजही गेली होती, म्हणून पहिला भाग पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवावा लागला. १९८९ मध्ये खंडित झालेली ही मालिका २००५ मध्ये परतली. नव्या पर्वात वर्षाला ठरलेले भाग वेळेत पुरे व्हावेत म्हणून दोन भागांचे चित्रीकरण एकाच वेळी करण्याची युक्ती निघाली. नायक एका भागात गुंतलेला असताना दुसऱ्या भागात तो जेमतेम दिसेल अशी कथा लिहायची. या अडचणीतून १७ जून २००६ रोजी ‘लव्ह अँड मॉन्स्टर्स’ आणि ९ जून २००७ रोजी ‘ब्लिंक’ हे भाग आले. ‘ब्लिंक’मध्ये डोळे मिटले की जवळ सरकणारे दगडी पुतळे आहेत. त्या भागाला विज्ञानकथांसाठीचा २००८ चा ह्युगो पुरस्कार मिळाला आणि तो आजही नवख्याला पहिल्यांदा दाखवायचा भाग मानला जातो. ‘लव्ह अँड मॉन्स्टर्स’वर मात्र इतकी वर्षे उलटूनही भांडण चालू आहे.

अडचण एक, युक्ती एक, मग फळ वेगळे का? ‘ब्लिंक’ आपला नियम एका वाक्यात सांगतो आणि शेवटपर्यंत पाळतो. ‘लव्ह अँड मॉन्स्टर्स’मध्ये डॉक्टरचा, म्हणजे मालिकेच्या नायकाचा, माग काढणारी काही साधी माणसे एकत्र येतात, हळूहळू माग बाजूला पडतो, ती मिळून गाऊ-वाजवू लागतात, घरून खाऊ आणतात. मग एक कडक मनुष्य येतो, मंडळाला शिस्त लावतो, गृहपाठ देतो आणि माणसे एकेक करून नाहीशी होतात. तो मनुष्य म्हणजे माणसांना अंगात शोषून घेणारा परग्रहवासी असतो. या राक्षसाची कल्पना एका नऊ वर्षांच्या मुलाची होती. मुलांच्या कार्यक्रमाने घेतलेल्या स्पर्धेत ती निवडली गेली होती. नापसंतीचा रोख या हिरव्या, पोट सुटलेल्या राक्षसावर आणि शेवटावर असतो. शेवटी मंडळातल्या एका तरुणाची मैत्रीण फरशीतला नुसता चेहरा होऊन उरते. पसंत करणारे पहिल्या अर्ध्या भागाविषयी बोलतात. म्हणजे दोघे भागाचे वेगवेगळे तुकडे हातात धरून बसलेले असतात. नोंदकार दुसऱ्या गटात आहे. एखाद्या गोष्टीवरच्या प्रेमातून माणसे एकमेकांची कशी होतात आणि त्या प्रेमाचा गृहपाठ झाला की काय मरते, हे दाखवणारा असा भाग विज्ञानमालिकांत क्वचित सापडतो. फरशीचा प्रसंग मात्र त्यालाही पटत नाही.

निर्मितीतल्या काटकसरीची झळ नेहमीच अशी फळाला येत नाही. ‘स्टार ट्रेक’ १९६६ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी हवा उठली तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरे पर्व मिळाले. पण पैसा कमी झाला, प्रसारणाची वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली. त्या पर्वाचा पहिलाच भाग, ‘स्पॉक्स ब्रेन’, मालिकेतील सर्वांत वाईट भागांत गणला जातो. यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरीला जातो आणि सहकारी तो शोधत फिरतात, अशी ती कथा. ज्यांनी पत्रे लिहून मालिका वाचवली त्यांच्या पदरात हा भाग पडला, हे वाचताना आजही वाईट वाटते. १९६९ मध्ये ७९ भागांनंतर मालिका थांबली. तिचे मोठे यश नंतरच्या पुनर्प्रसारणांत आले. भारतात दूरदर्शनने १९८० च्या दशकात ती दाखवली.

शेवटच्या भागावर तर दुमत ठरलेलेच. विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांची मालिका ‘लॉस्ट’, तिचा शेवटचा भाग २३ मे २०१० रोजी आला. पात्रे पहिल्या भागातल्या विमान अपघातातच मेली होती असा अनेकांचा समज झाला. वास्तविक त्याच भागात, बेटावर घडले ते सारे खरे होते, असे एक पात्र स्पष्ट सांगते. श्रेयनामावलीमागे वाहिनीने विमानाच्या अवशेषांची निर्जन दृश्ये जोडली होती. प्रेक्षकांना हळूच बाहेर आणावे एवढाच हेतू होता. त्या दृश्यांनी गैरसमज पक्का केला.

दुमत मोजताही येते, पण सरासरीने नाही. बीबीसी प्रेक्षकांकडून दहापैकी गुण घेऊन शंभरपैकी पसंती-निर्देशांक काढत आली आहे. समजा अर्ध्या लोकांनी दहा आणि अर्ध्यांनी दोन गुण दिले, तर निर्देशांक ६० येतो. सगळ्यांनी सहा दिले तरी ६०. पहिल्या भागावर रात्रभर वाद होईल, दुसरा सकाळी आठवणारही नाही. आकडा दोघांचा एकच.

आता जत्रेकडे. पेडणे महालात आणि लगतच्या सिंधुदुर्गात दशावतार रात्रभर चालतो. आड दशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या पूर्वरंगात, संकासुर येऊन जातो, मग आख्यान लागते. आख्यान पुराणातले, म्हणजे कथा सगळ्यांना ठाऊक. संवाद मात्र लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता प्रेक्षकाला नसतेच. राजा कसा बोलला, राक्षस किती चढला, बोलाचालीत कोण कमी पडला, यावर सकाळी चहाच्या दुकानात निकाल लागतो. गावोगावच्या उत्सवी नाटकांचेही तसेच: नाटक ‘रंगते’ किंवा ‘पडते’ आणि कोणत्या प्रवेशाला पडले हे सांगणारी माणसे गावात असतात. या मुशीतून आलेला प्रेक्षक विज्ञानमालिकेच्या भागाकडेही प्रवेशागणिक पाहतो. शेवट आधी कळला म्हणून त्याचे फारसे बिघडत नाही. नियम मोडला तरी तो मोडणाऱ्या नटाची उभारी पाहतो. नारळीकर वाचून आलेला आणि दशावतार पाहून आलेला असे हे दोन प्रेक्षक गोव्यात अनेकदा एकाच घरात, कधी एकाच माणसात भेटतात.

गोव्यातच घडणारी विज्ञानमालिका म्हणून ‘ओके कॉम्प्युटर’चा उल्लेख करायला हवा. २६ मार्च २०२१ रोजी आलेल्या या सहा भागांच्या हिंदी मालिकेत काळ २०३१ चा आहे. उत्तर गोव्यातल्या किनारी गावात चालकाविना धावणारी गाडी एका माणसाचा जीव घेते आणि दोष कोणाचा, यंत्राचा की माणसाचा, याचा तपास सुरू होतो. विजय वर्मा, राधिका आपटे, जॅकी श्रॉफ यांच्या भूमिका आहेत. समीक्षकांत तिच्याबद्दल दुमत झाले ते मुख्यतः विक्षिप्त विनोदावरून: कोणाला तो ताजा वाटला, कोणाला त्यात तपास हरवला असे वाटले. गोव्याच्या प्रेक्षकापुढे आणखी एक प्रश्न असतो, भविष्यातल्या या गोव्यात आपण कोठे आहोत? पडद्यावर गोवा म्हणजे किनारा, हे समीकरण दहा वर्षे पुढे नेले तरी तसेच राहते. सत्तरीतल्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०३१ साल कसे दिसेल, हे कोणीतरी दाखवावे अशी नोंदकाराची इच्छा आहे.

जर्मन मालिका ‘डार्क’ (२०१७–२०२०, २६ भाग) दुमताचा आणखी एक नमुना. चार कुटुंबे, अनेक काळ आणि एकमेकांत गुंतलेल्या वंशावळी. तिच्यात दोन बाया एकमेकींच्या आईही आहेत आणि मुलीही. कोणाची लेक कोणत्या वाड्यावर दिली हे तोंडपाठ असणाऱ्या घरातही इथे कागद-पेन्सिल घ्यावी लागते. काही जण तिसऱ्या भागाला थांबतात, काहींना तो कागदच आवडू लागतो.

भाषेमुळे मताचा सूर बदलतो, हेही गोव्यात ध्यानात येते. भाग संपल्या संपल्या घराच्या सोप्यावर (ओसरीवर) कोंकणीत उमटणारा शब्द असतो, ‘म्हाका कांयच कळूंक ना’. तोच प्रेक्षक दुसऱ्या दिवशी मराठीत लिहायला बसला, की वाक्य होते, ‘दिग्दर्शकाने प्रेक्षकाला अंधारात ठेवले आहे’. पहिल्या वाक्यात न कळणे आपले असते, दुसऱ्यात ते करणाऱ्याच्या माथी जाते. लिहिलेले मत वाचताना सोप्यावरचे ते पहिले वाक्य काय असेल, हेही विचारून पाहावे लागते.