सिकलसेलवाली पोरं कायद्यात आली, कॉलेजात मात्र अडकतात

विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, काही नवं नाही. भारतातली पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या आदिवासींमधली, अन् १९५८ ला नागपूरच्या डॉक्टरांनी इकडच्या लोकांतही हा आजार सापडल्याचं छापलं. म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात पोरं कितीतरी आधीपासून सांधे धरून कण्हत होती, पण सरकारदरबारी ते नुसतं दुखणं होतं, अपंगत्व नाही.

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. अंधत्व, कमी दिसणं, कान, हातपाय, मतिमंदत्व, मानसिक आजार आणि कुष्ठरोगातून बरे झालेले (ते का, हे आनंदवनाच्या मुलखात कोणाला सांगायला नको). शिक्षणात ३% जागा, त्यात सिकलसेल कुठंच नाही.

मग २००६ ला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार झाला, भारतानं २००७ मध्ये तो मान्य केला, अन् त्याला धरून नवा कायदा यायला २०१६ उजाडलं! आता प्रकार २१ झाले, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आत आले आणि सरकारी-अनुदानित कॉलेजात ५% जागा झाल्या, वयातही ५ वर्षं सूट.

पण त्यासाठी सर्टिफिकेटवर किमान ४०% दिव्यांगत्व लागतं. एएसवाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा जीन आलेला, नुसता वाहक, त्याला काही मिळत नाही, ते ठीकच आहे. एसएसवाल्याचे, म्हणजे दोघांकडूनही तो जीन येऊन आजार झालेल्याचे, टक्के त्रासावर ठरतात, अन् गावातल्या पोराकडे त्रासाचे कागद कुठून येणार बाप्पा, दुखणं उठलं की गोळी खाऊन घरीच पडून राहतो, जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली.

ॲडमिशन झाली तरी हजेरी आहेच. थंडी पडली, पाणी कमी पिलं, दगदग झाली की दुखणं उठतं आणि पोरगं आठ-आठ दिवस वर्गात दिसत नाही. परत आल्यावर धडधाकट दिसतं, मग सर म्हणतात बहाणे करतो. आपल्याकडे कॉलेजवाल्यांच्या डोक्यात दिव्यांग म्हणजे रॅम्प. रॅम्प पाहिजेच, पण या पोराला ७५% हजेरीत सूट अन् चुकलेली परीक्षा परत द्यायची सोय पाहिजे, ज्याला सिमेंटही लागत नाही.

अन् डिग्री घेतली तरी सरकारी नोकरीतलं ४% आरक्षण ज्या प्रकारांना आहे, त्या यादीत रक्ताचे आजार त्याच २०१६ च्या कायद्यानं घेतलेलेच नाहीत.