बोरीस गोदुनोव (नाटक) : रशियातील प्रयोगांचा इतिहास

‘बोरीस गोदुनोव’ हे अलेक्सांद्र पुश्किनने १८२५ मध्ये लिहून पूर्ण केलेले रशियन ऐतिहासिक नाटक होय. १५९८ ते १६०५ या काळात झारपदी असलेला बोरीस, बालराजपुत्र दिमित्री याच्या खुनाचा त्याच्यावर असलेला आळ आणि आपणच तो दिमित्री असे सांगत पोलंडच्या पाठबळाने मॉस्कोवर चालून आलेला तोतया ग्रिगोरी, ही त्याची कथावस्तू. रशियन रंगभूमीवर हे नाटक पोहोचायला पंचेचाळीस वर्षे लागली, आणि त्यानंतरही सत्तेशी त्याचे फारसे जमले नाही. याचे कारण झाराच्या चित्रणापेक्षाही नाटकातल्या जमावाच्या चित्रणात शोधावे लागते. ‘झार दिमित्री इव्हानोविच चिरायू होवो’ अशी घोषणा द्या, असे सरदार अखेरीस फर्मावतो आणि लोक गप्प राहतात. या मौनाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक दिग्दर्शकापुढे आणि प्रत्येक राजवटीपुढे नव्याने उभा राहिला.

मिखायलोव्स्कोये या आपल्या कुटुंबाच्या जहागिरीत नजरकैदेत असताना पुश्किनने हे नाटक लिहिले. इतिहासकार कारामझिनच्या ग्रंथाचा आधार, शेक्सपिअरच्या धर्तीवर वेगाने बदलणारे वीसहून अधिक प्रवेश आणि मुख्यतः निर्यमक (यमक नसलेले) पद्य असा त्याचा घाट आहे. १८२६ मध्ये मॉस्कोतील मित्रमंडळींपुढे त्याने ते वाचून दाखवले, तेव्हा गुप्त पोलिसांचा प्रमुख बेंकेन्डॉर्फ याने त्याला जाब विचारला. पुश्किनचा सेन्सॉर आपण स्वतः होऊ असे म्हणणाऱ्या झार निकोलाय पहिल्याने या नाटकाची ऐतिहासिक कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या पद्धतीची कादंबरी करावी अशी सूचना केली. लिहून झालेले पुन्हा बदलण्याची ताकद आपल्यात नाही, असे कळवून पुश्किनने ती नम्रपणे टाळली. छापील आवृत्ती १८३१ च्या तारखेने निघाली, पण ज्यात लोक डोळ्यांना कांदा चोळून रडण्याचे सोंग आणतात तो प्रवेश तिच्यातून वगळलेला होता. हस्तलिखितात शेवटी लोक तोतयाचा जयजयकार करतात, छापील प्रतीत मात्र ते मूक राहतात. हा बदल पुश्किनने आपणहून केला की सेन्सॉरच्या दडपणाखाली, यावर अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही. दडपणाचा तर्क मान्य केला, तर सेन्सॉरने नाटक अधिकच धारदार करून ठेवले असे म्हणावे लागेल.

प्रयोगाला परवानगी मिळाली ती थेट १८६६ मध्ये, म्हणजे पुश्किनच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. पहिला प्रयोग १८७० मध्ये सेंट पीटर्झबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात अलेक्सांद्रीन्स्की नाट्यसंस्थेच्या नटांनी केला. अनेक प्रवेश गाळलेला हा प्रयोग नेपथ्याच्या भव्यतेवर उभा होता आणि प्रेक्षकांना तो थंडच वाटला. त्यासाठी घडवलेले नेपथ्य १८७४ मध्ये संगीतकार मुसोर्गस्कीच्या त्याच नावाच्या ऑपेरासाठी वापरले गेले. त्या ऑपेराने पुढे मूळ नाटकाला इतके झाकोळले की पुश्किनचे नाटक वाचायचे असते, करायचे नसते, हा समज रुजला. मॉस्कोच्या माली नाट्यगृहाने १८८० मध्ये ते केले.

मॉस्को आर्ट थिएटरचा आरंभ १८९८ मध्ये अ. क. टॉल्स्टॉयच्या ‘झार फ्योदर’ या नाटकाने, म्हणजे याच कालखंडाच्या कथेने झाला होता. त्यामुळे १९०७ मध्ये संस्थेचे एक संस्थापक व दिग्दर्शक नेमिरोविच-दान्चेन्को यांनी ‘बोरीस गोदुनोव’ हाती घेतले तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या. ऐतिहासिक वेशभूषा व तपशील यांबाबत संस्थेची ख्याती होतीच, पण पद्य बोलण्याची अडचण सुटली नाही.

या नाटकाचा सर्वांत महत्त्वाचा रशियन प्रयोग बहुधा न झालेलाच म्हणायला हवा. पुश्किनच्या मृत्यूची शताब्दी १९३७ मध्ये येत होती. तिच्या निमित्ताने दिग्दर्शक व्सेवोलोद मेयरहोल्डने १९३६ मध्ये तालमी सुरू केल्या आणि संगीत संगीतकार सेर्गेई प्रोकोफिएवकडे सोपवले. मेयरहोल्डला जमाव रंगमंचावर गर्दी करून दाखवायचा नव्हता. तो दिसण्याऐवजी ऐकू यावा, अशी त्याची कल्पना होती. प्रोकोफिएवने त्यासाठी शब्दांविना गुणगुणणारे वृंदगान रचले, आणि लढाईसाठी एकमेकांवर आदळणारे, एक पाश्चात्त्य व एक पौर्वात्य वळणाचे, असे दोन वाद्यमेळ योजले. तालमी अर्ध्यावर थांबल्या. जानेवारी १९३८ मध्ये मेयरहोल्डचे नाट्यगृह बंद करण्यात आले, १९३९ मध्ये त्याला अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याच्या संकल्पनेवर आधारलेला प्रयोग २००७ मध्ये झाला, पण तो रशियात नव्हे तर अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात.

दिग्दर्शक युरी ल्युबीमोवने १९८२ मध्ये मॉस्कोच्या तगांका नाट्यगृहात हे नाटक बसवले. वेगवेगळ्या काळांतले पोशाख एकत्र आणून आणि दिमित्री पोक्रोव्स्कीच्या लोकगायन पथकाला प्रयोगात गुंफून त्याने जमावालाच नाटकाचा कणा केले. बोरीसची भूमिका निकोलाय गुबेन्कोने केली. शेवटी तोच आजच्या साध्या कपड्यांत प्रेक्षकांसमोर येऊन ‘का गप्प आहात?’ असे त्यांनाच विचारी, त्यामुळे मूक जमाव म्हणजे सभागृहातले प्रेक्षक ठरत. सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हचे निधन होऊन आन्द्रोपोव नुकताच सत्तेवर आला होता. अशा वेळी सत्तांतराचे नाटक अधिकाऱ्यांना खपण्यासारखे नव्हते, आणि रंगीत तालमींनंतर प्रयोगावर बंदी आली. १९८४ मध्ये ल्युबीमोवचे सोव्हिएत नागरिकत्व काढून घेण्यात आले. तो परतल्यावर १९८८ मध्ये हा प्रयोग प्रेक्षकांपुढे आला.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर बंदीचा प्रश्न उरला नाही आणि दिग्दर्शक नाटक सरळ वर्तमानात आणू लागले. २००० मध्ये इंग्रज दिग्दर्शक डेक्लन डॉनेलनने रशियन नटांना घेऊन आधुनिक वेशात ते केले. त्यात अलेक्सांद्र फेक्लिस्तोव बोरीस, तर येवगेनी मिरोनोव तोतया होता. कॉन्स्तान्तीन बोगोमोलोवने २०१४ मध्ये लेनकॉम नाट्यगृहात अलेक्सांद्र झ्ब्रुयेवला बोरीस केले. या प्रयोगात पडद्यांवर उमटणारा मजकूर मौन पाळणाऱ्या जनतेचीच खिल्ली उडवतो. दिमित्री क्रीमोवचा ‘बोरीस’ (२०१९) नाट्यगृह सोडून मॉस्को शहराच्या संग्रहालयात, जुन्या कोठारांच्या इमारतीत झाला. पुश्किनच्या संहितेशी त्याने बरीच मोकळीक घेतली होती.